तांडेलाचं टेबल

आमच्या इस्पितळात नवी नर्स आली की तांडेल तिला आधी ऑपरेशनच्या टेबलावर पालथी निजवायचा. उशी नाही, गादी नाही, अर्धा तास हलायचं नाही. छातीची हाडं टोचू लागत, गुडघे ठणकत, दाबलेल्या डोळ्यातून पाणी येई. पोर रडकुंडीला आली की म्हणायचा, "तू उठान जाशीत गो. भूल दिलेलो माणूस खंय जातलो?" मीही रडले होते आणि मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या होत्या.

तो पूर्वी खरोखरच मचव्यावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, होता. डोलकाठी पायावर पडून लंगडा झाला आणि आमच्याकडे वॉर्डबॉय म्हणून लागला. कमरेच्या मणक्याचं ऑपरेशन असलं की रोग्याला पालथं निजवायचं काम त्याचं. जुन्या शिडाच्या कापडात सावरीचा कापूस ठासून त्यानं दोन लांब लोड शिवले होते. रोगी त्यांवर असा ठेवायचा की पोट मधल्या फटीत लोंबतं राहील. मग पोटाखालून हात या बाजूनं घालून त्या बाजूनं काढायचा. हात अडकला तर डॉक्टरांना सुरी उचलू द्यायचा नाही. "पोट दाबला की रगात पाठीत चढता," म्हणायचा. डॉक्टर चिडत, पण थांबत.

जीभ मात्र विळीसारखी. एका ढेरपोट्या दुकानदाराला म्हणाला, "शेटनू, पोट घराक ठेवन येवक होया होता." नथ, ताईत, करदोडा, काही अंगावर राहू द्यायचा नाही. बायका बांगड्या उतरवायला कचरल्या की चिमट्यानं फोडायचा. बायका रडत आणि त्याला यम म्हणत.

आरोंद्याची सुभद्रा आली तेव्हा तिचा डावा पाय जवळजवळ लुळा पडला होता. शेतात वाकणं तर सोडाच, चुलीपुढे बसणंही होत नव्हतं. पण बांगड्या काढायला तयार होईना. "घोव समुद्रात आसा माजो. रित्या हातांनी मी निजाचंय नाय."

तांडेल म्हणाला, "घोव वाचलो आणि हात मेलो, तर तेका पेज कोण वाढतली? तुजी सवत?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझं लग्न होऊन तीन महिने झाले होते. माझ्याही हातात हिरवा चुडा होता, फक्त कामाच्या वेळी रुमालात बांधून ठेवायचा. मला तिची दया आली. तांडेल लोड आणायला गेल्यावर मी तिच्या उजव्या हातातल्या बांगड्या पार कोपरापर्यंत वर सारल्या आणि वरून पट्टी गुंडाळली. डाव्या हातातल्या उतरवून घेतल्या. तांडेलानं विचारलं, "बांगड्यो?" मी म्हटलं, "काढल्या. पट्टी सलाईनच्या सुईची आहे." एरवी तो कुणावर विश्वास ठेवत नसे. पण मी त्याची शिकवलेली. त्यानं पोटाखालून हात फिरवला, डोळे मोकळे आहेत ना पाहिलं, आणि तिचे हात कोपरात दुमडून डोक्याशी फळ्यांवर ठेवले.

तीन तास लागले. तिचा पाय हलू लागला. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र वळून तळव्याला चिकटलं, ते कायमचं.

डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "हात फळीवर कुणी ठेवले होते?"

ऑपरेशननंतर पट्टी तांडेलानंच सोडली होती. काचेचे वळ त्यानंच पाहिले होते. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "मी. पट्टी उघडून बघूक होयी होती." त्याच दिवशी त्याला काढून टाकलं. मी गप्प राहिले. मी भ्याले, दुसरं काही कारण नाही.

जाण्याआधी त्यानं मला टेबलापाशी बोलावलं. "चुडो घाल. निज." मी निजले. माझ्या बांगड्या त्यानं कोपरापर्यंत चढवल्या, हात दुमडून फळीवर ठेवला आणि घड्याळाखाली उभा राहिला. कोपराच्या शिरेवर काच रुतत होती. मी हलले नाही. बऱ्याच वेळानं त्यानं विचारलं, "करंगळी खंय आसा?"

"कळत नाही."

त्यानं माझा हात उचलला आणि झिणझिण्या येईपर्यंत आपल्या खरखरीत पंज्यानं चोळला. "तुजी येतली परत," एवढंच म्हणाला. लोड तिथंच ठेवून गेला.

दोन वर्षांनी सुभद्रा दाखवायला आली. नवरा सोबत होता, आणि शेतात लावणीला हात हवा म्हणून त्यानं घरात आणलेली दुसरीही. तांडेल तेव्हा हाकेच्या अंतरावर, बंदरावर शिडं शिवत बसलेला असायचा. सुभद्रानं त्या वळलेल्या बोटांनी माझा हात धरला. "बाय, तू बांगड्यो ठेवलंस म्हणान माजो घोव परत इलो. त्या मेल्या तांडेलान माजो हात खाल्ल्यान. तेका कीड पडांदे."

मी मान डोलावली.