धवला कोणाचा?

माझी आत्या धवलारीण. आमच्या आगरी लग्नांत धवले गाऊन सगळे विधी पार पाडणारी बाई. पनवेलजवळच्या आमच्या शेतांवर करंजाडे वसाहतीच्या इमारती उभ्या राहिल्या, तरी आसपासच्या हळदीत तिच्यावाचून पान हलत नसे. मागच्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला तो गेलाच. आता ती नुसती कुजबुजते, तेही कान जवळ नेला तरच ऐकू येतं. उरलं होतं एकच रेकॉर्डिंग. माझ्या बहिणीच्या हळदीत मी फोनवर केलेलं आणि आत्याच्या नावाने गाण्यांच्या एका ॲपवर चढवलेलं. तो फोन केव्हाच भंगारात गेला. रोज दुपारी जेवण झालं की आत्या ॲपवर स्वतःलाच ऐकत बसायची.

एका सकाळी ॲपच्या कंपनीची मेल आली. हे गाणं दुसऱ्या एका म्युझिक कंपनीच्या मालकीचं आहे, म्हणून काढून टाकलं आहे. मी पनवेलच्या एसटी स्टँडवर उभा होतो. मेल तीनदा वाचली. मालकीचं? खाली त्या कंपनीच्या गाण्याची लिंक होती. ती लावली. खाली डीजेचा धुडगूस आणि वर चक्क आत्या! तिसऱ्या ओळीला ती जरा खोकली होती, तो खोकलासुद्धा जसाच्या तसा. गायिका म्हणून कोणा भलत्याच बाईचं नाव. माझंच रेकॉर्डिंग उचललं आणि वर चोर मी! बस समोरून निघून गेली, मला कळलंही नाही.

हरकत घ्यायला एक फॉर्म होता. त्यात विचारलं होतं, या रचनेचे मूळ मालक कोण? मी पडलो नियमाने चालणारा. तडक आत्याकडे गेलो.

"आत्या, धवला कोनाचा लिवू? तुजा ना?"

तिने कानाला हात लावले. मी कान तिच्या तोंडाजवळ नेला. "माजा? नाय रं! धवला माजा म्हनू नय, पाप लागल. देवाचा हाय, तसंच लिव."

धवलारणी असंच म्हणतात. तिला तिच्या सासूने शिकवलं, सासूला तिच्या सासूने. मग मीही इमानदारीत लिहून टाकलं की ही रचना आमची नाही, परंपरेने चालत आलेली आहे, आवाज मात्र माझ्या आत्याचा आहे. खोकल्याचंही लिहिलं. कोणीतरी माणूस वाचेल, त्याला पटेल, असं मला खरंच वाटलं होतं.

दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. 'रचना आपली नसल्याचे आपण मान्य केले आहे. हरकत फेटाळण्यात येत आहे. हा निर्णय अंतिम आहे.' आवाजाबद्दल अवाक्षर नाही. आत्याचा गळा डॉक्टरांनी कापला तो तिला जगवायला. मी तर फॉर्म भरून कापला होता.

तिला सांगणं भाग होतं. त्या कंपनीचं गाणं लावून फोन तिच्या हातात दिला. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं, एकदाही मान वर केली नाही. मग माझं मनगट घट्ट धरून मला खाली ओढलं आणि कानात म्हणाली,

"माजा हाय. लिव, धवला माजा हाय."

मी फोन हातात घेतला. फॉर्म बंद झालेला होता, लिहायला जागाच नव्हती. मी नुसता स्क्रीनवर बोट फिरवत राहिलो.

"लिवलंस का रं?" तिने विचारलं.