भायरचो बॉलर

गावाच्या टीममध्ये बाहेरचा खेळाडू घ्यायचा हे माझ्या चुलतभावाने ठरवलं आणि मला ते सगळ्यांबरोबर देवळातल्या बैठकीतच कळलं. तेव्हा टीमचा कॅप्टन मी होतो.

आमचं गाव वेंगुर्ल्याजवळ, किनाऱ्यावर. भात कापून झालं की मळ्यात पाणी मारून रोलर फिरवायचा, खेळपट्टी तयार करायची आणि टेनिस बॉलची टुर्नामेंट भरवायची, हे आम्ही शाळा सुटल्यापासून करत आलो. मी कीपिंग करायचो. पहिली ओव्हर शेजारच्या घरातला माझा दोस्त टाकायचा. तो मच्छीमारी ट्रॉलरवर कामाला. टुर्नामेंटच्या आठवड्यात मात्र मालकाने कितीही बोलावलं तरी समुद्रावर जात नसे. दुसऱ्या बाजूच्या घरातला चुलतभाऊ कधी बॅटला हात लावणारा नव्हता. त्याने किनाऱ्यावर पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या, धंदा चांगला चालला आणि त्या वर्षी तो मंडळाचा अध्यक्ष झाला.

"भायरचे दोघे चलतत, असो नियम आसा," तो बैठकीत म्हणाला. "शेजारच्या गावान दोघांक घेतल्यानी. आपण निदान एक घेवया. बेळगावकडचो बॉलर मी बघून ठेवलंय."

"आणि बाहेर कोण बसतलो?" मी विचारलं.

"पयली ओव्हर टाकणारो."

हे म्हणताना त्याने माझ्या दोस्ताकडे बघितलंसुद्धा नाही. दोस्त खांबाला टेकून बसला होता. तो उठला आणि पायरीवर जाऊन चपला घालू लागला. "माका घराकडे येवन सांगलं असतंस तर बरा झाला असता," एवढं म्हणून तो गेला. कोणी त्याला थांबवलं नाही. मी त्याच्यासाठी बोललो, आवाज चढवून बोललो, पण हात वर करायची वेळ आली तेव्हा माझ्या बाजूने तिघंचौघं उरले.

दुसऱ्या दिवशी दोस्ताने मला कुंपणापाशी गाठलं.

"तू ऱ्हवतलंस टीमीत?"

"कॅप्टन आसंय मी. सोडून कसो जावू?"

"मगे ऱ्हव," तो म्हणाला आणि जाळं उचलून चालू लागला.

बॉलरला सावंतवाडीहून आणायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. तो एसटीतून उतरला, माझ्या मोटरसायकलकडे बघितलं आणि म्हणाला, "गाडी नाही आणली?"

"हीच गाडी."

त्याने बॅग माझ्यापुढे टाकीवर ठेवली आणि मागे बसला.

त्याची बॉलिंग चांगली होती, हे नाकबूल करण्यात अर्थ नाही. पण पहिल्या दिवसापासून त्याने आम्हाला नोकरासारखं वागवलं. कुणाचं नाव विचारलं नाही. "ए लाल शर्ट, मागे जा," अशी फिल्डिंग लावायचा. गावानेही त्याला सोडलं नाही. जेवायच्या पंगतीत त्याच्या शेजारची जागा रिकामी राहायची. त्याला सिक्स बसला की आमच्याच वाडीतली पोरं शिट्ट्या मारायची. माझा दोस्त रोज यायचा आणि समोरच्या टीमच्या मांडवात, सगळ्यांना दिसेल असा बसायचा.

सेमीफायनल शेजारच्या गावाशी होती. सामना अगदी शेवटाला आलेला. बॉलरने टाकलेल्या चेंडूला बॅटची कड लागली आणि कॅच माझ्या डाव्या बाजूला, खाली आला. मी झेप घेतली. चेंडू बोटांना लागला आणि सुटला.

बॉलर चालत थेट माझ्या तोंडापाशी आला. "मुद्दाम सोडलास," तो म्हणाला. हळू नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं. लाऊडस्पीकरवर समालोचन करणाऱ्याने लगेच सांगून टाकलं की बॉलर आणि कीपरमध्ये काहीतरी बिनसलंय. मळ्याभोवतीचे लोक उठून उभे राहिले. पुढचे दोन चेंडू त्याने सरळ स्टंपात घातले आणि आम्ही जिंकलो. माझ्याशी हात मिळवायला कोणी आलं नाही.

चुलतभाऊ मला मांडवाच्या मागे घेऊन गेला.

"खरा सांग. मुद्दाम सोडलंस?"

"तुका तसा वाटता?"

"माका काय वाटता तेचो प्रश्न नाय. सगळे तसाच म्हणतत."

"सगळे ऱ्हवांदेत. तू काय म्हणतंस?"

तो माझ्याकडे बघेना. "उद्या कीपिंग दुसरो करतलो. तुझ्या दोस्ताक काढलंय तेव्हापासून तुझा जळता, ता काय माका दिसना नाय?"

मी त्याची कॉलर धरली. त्याने माझ्या छातीवर हात मारला. चारजणांनी ओढून आम्हाला वेगळं केलं. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलेले भाऊ, आणि त्या वेळी मला त्याचं तोंड फोडायचं होतं.

फायनलला मी गेलो नाही. एसटी स्टँडसमोर माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे, ते उघडून बसलो. टीम जिंकल्याचं लाऊडस्पीकरवरून कळलं. मग ढोल, गुलाल. मिरवणूक दुकानावरून गेली तेव्हा कोणीतरी मुद्दाम तिथेच फटाक्यांची माळ लावली.

सकाळी बॉलर एकटाच बॅग घेऊन स्टँडवर आला. अध्यक्ष झोपलेले असावेत. सावली फक्त माझ्या दुकानापुढे होती, म्हणून तो तिथल्या बाकावर बसला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाला, "कॅच मुद्दाम सोडला नव्हतास. मला माहीत आहे. खूप खाली होता."

हातातली तार मी खाली ठेवली. "मग तसं का म्हणालास?"

"त्या वेळी डोकं फिरलं होतं. आठवडाभर सगळं गाव शिव्या घालत होतं."

"हे काल सगळ्यांसमोर सांगायचं होतंस. आता सांग. चल माझ्या भावाकडे."

"मला कुठे तुमच्या गावात राहायचंय?" तो म्हणाला. समोर सावंतवाडीची गाडी लागत होती. तो उठला, बॅग खांद्याला अडकवली आणि मागे वळून न बघता चढला. मी गाडीमागे धावलो नाही, पण दिवसभर काम सुचलं नाही. दुपारी जाऊन चुलतभावाला सगळं सांगितलं. तो हसला. "तो गेल्यार तुझी साक्ष कोण देतलो?" म्हणाला.

पुढच्या वर्षी शेजारच्या गावाने माझ्या दोस्ताला बाहेरचा खेळाडू म्हणून घेतलं. तो मला विचारायला आला. "त्येंका कीपर होयो. येतंस?"

आमच्याच गावासमोर, आमच्याच मळ्यात, दुसऱ्यांसाठी उभं राहायला माझं मन तयार होईना. मी नाही म्हटलं.

"मगे तू अध्यक्षाचोच भाव," तो म्हणाला.

त्या मोसमात त्याने चुलतभावाच्या टीमला लवकर गुंडाळलं, असं ऐकलं. बघायला मी गेलो नव्हतो. आता माझ्या घराच्या एका बाजूला तो आहे, दुसऱ्या बाजूला चुलतभाऊ, आणि मधल्या घरात राहणाऱ्या माझ्याशी दोघंही बोलत नाहीत.