खिशातला कांदा

वयाच्या चौपन्नाव्या वर्षी मी स्वतःला गिर्यारोहक समजत होते. तीन महिने ट्रेकचे बूट घालून वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत भाजी आणायला गेले, म्हणजे बाईची तयारी झालीच! कोणी विचारो न विचारो, "हिमालयात चालली मी, बेस कॅम्पले," हे भाजीवाल्यालाही सांगून टाकायची. सोबतीला धाकट्या जावेला ओढलं. ती वडनेरला शेती करणारी, माझ्याहून दणकट, पण माझ्या शब्दाबाहेर न जाणारी.

दोघींच्या खिशात मी एकेक कांदा ठेवला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात, ऊन लागू नये म्हणून, कांद्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. मी तो बर्फातही नेला.

चौथ्या दिवशी दरी रुंद झाली. झाडं मागेच संपलेली, दोन्हीकडे दगडगोटे आणि बर्फ, वर डोळे दिपवणारं ऊन. मुक्कामाला पोचल्यावर जाऊ बाकावर बसूनच राहिली.

"बाई, डोकं फुटून राह्यलं. जेवणाचा वासही नको वाटते."

"ऊन लागलं तुले. थांब." मी कांदा ठेचून तिच्या तळपायांना चोळला. वर्ध्याचे इतके मे महिने काढलेल्या बाईला ऊन कळत नाही होय?

जेवणाआधी वाटाड्या रोजच्यासारखा विचारत आला, डोकं दुखतंय का, उलटी झाली का. ज्याला उंचीचा त्रास त्यानं वर जायचं नाही, हे त्यानं पहिल्याच दिवशी बजावलेलं. जाऊ तोंड उघडणार तोच मी म्हणाले, "कुछ नहीं भैया, थोडी धूप लगी है."

मला खरंच ऊन वाटलं होतं का? इतकी वर्षं मी हो म्हणत आले. पण मग तिला बोलू का दिलं नाही?

सकाळी निघालो. दुपारपर्यंत तिचे पाय वेडेवाकडे पडू लागले. एका दगडावर बसून ती बुटावर हातमोजा चढवायला लागली.

"बाई, वडनेरची बस गेली का वो?"

मी हसले. वाटाड्या हसला नाही. त्यानं तिला सरळ रेषेत चालायला लावलं. तिसऱ्या पावलाला ती कोसळली. "अभी के अभी नीचे," तो म्हणाला. एका हमालानं तिला पाठुंगळी घेतलं. तेव्हा माझ्या तोंडून काय निघावं? "बेस कॅम्प अब कितना दूर है?"

वाटाड्या हमालापुढे उतरायलाही लागला होता.

उतरताना मी मागून तिचे लोंबणारे पाय बघत होते. हाक मारली तरी ती ओ देत नव्हती. पुन्हा झाडं दिसू लागली तेव्हा तिनं डोळे उघडून मागे पाहिलं. "बाई, रडून काऊन राह्यल्या?"

घरी आल्यावर तिनं सगळ्यांना सांगितलं, बाईनं माझे पाय चोळले, सख्खी बहीण करणार नाही. अजूनही लग्नाकार्यात मला शेजारी बसवून सांगते, आणि मी कांदा चिरल्यासारखे डोळे पुसते.

परवा तिच्याकडे गेले होते. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. मी धीर करून म्हणाले, "त्या दिवशी जेवणाआधी त्यानं विचारलं, तवा मी..."

"माईत हाये मले. तिथंच तं बसली होती मी," ती म्हणाली, आणि सूप माझ्यापुढे सरकवलं.

मीही सोलायला घेतलं. पुढचं वाक्य मी घरून ठरवून आणलं नव्हतं.