फाटकासमोरचं ठिगळ

कोलकात्यात, बालीगंजच्या आमच्या बिल्डिंगच्या फाटकासमोर खड्डा होता. त्यात सासूबाई पडल्या. मनगटाचं प्लास्टर दीड महिन्यात निघालं, पण मनातली भीती निघेना. "मी नाही बाई जायची खाली," एवढंच म्हणायच्या. रस्ता करडा, खड्डाही करडा; त्यांच्या अधू डोळ्यांना कड दिसायचीच नाही. मुलाच्या बदल्यांमागे अर्धा देश फिरलेली ही बाई आता खिडकीतून भाजीवाल्याला हाका मारत बसायची. माणूस एकदा घरात बसलं की बसलंच, हे मी माझ्या आईच्या बाबतीत पाहिलं होतं.

म्हणून गल्लीतल्यांनी खड्डा आपणच बुजवायचं ठरवलं, तेव्हा मी पुढे झाले. नुसतं सिमेंट नको, रंगीत मोझॅक करू, लांबूनच दिसेल, म्हटलं. घराघरातून फुटक्या टाइल्स आल्या, कानतुटके कप आले. मिस्त्रीने धारा घासून दिल्या. आणि मी अतिशहाणीने मधोमध लाल पाकळ्यांचं कमळ काढलं! गल्ली खूश. मी तर हवेतच.

चार दिवसांनी सासूबाईंना हाताला धरून खाली आणलं. त्या कमळापाशी थांबल्या, चपला काढून नमस्कार केला आणि बाजूने, गटाराच्या अगदी कडेने जायला लागल्या.

"अहो आई, पडाल! मधून चला ना."

"रांगोळीवर पाय देतात का गं? तेही कमळावर?"

शेजारच्या बंगाली मासीमांनी त्यावरून दोनदा चालून दाखवलं. आमच्याकडे आल्पनेवरून, म्हणजे रांगोळीवरून, सगळे चालतात, म्हणाल्या. आई ढिम्म. तशाच वर निघून गेल्या. माझं डोकंच फिरलं. आधी त्यांच्यावर चिडले, मग स्वतःवर. दर दिवाळीला रांगोळीला वळसा घालून जाणाऱ्या बाईच्या वाटेत मीच रांगोळी घालून ठेवली होती! अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय?

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला परत बोलावलं. पाकळ्यांना छिन्नी लागली तेव्हा जीव तुटला. आई खिडकीतून बघत होत्या. थोड्या वेळाने कठडा धरून एकट्याच जिना उतरल्या आणि फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसल्या.

"गोधडीला ठिगळ लावतो तसं लाव. हाताला येईल तो तुकडा. नक्षी नको."

मग स्वतःच एकेक तुकडा देऊ लागल्या. निळा, पिवळा, अर्धी बशी. काय ध्यान दिसत होतं ते! पण कड लख्ख दिसत होती.

सिमेंट वाळल्यावर एका सकाळी आईंनी त्यावर एक पाय दाबून पाहिला. मग दुसरा ठेवला आणि पिशवी घेऊन बाजाराच्या दिशेने चालायला लागल्या. मी पाठोपाठ. कोपऱ्यावर त्या मागे वळल्या, माझे भरलेले डोळे पाहिले.

"मागेमागे काय येतेस? घरी जा, कुकर लाव. मला वेळ लागेल."