चिखलदऱ्यातला माझा निर्मळ डोह

"मलेरिया आहे," धंतोलीतले डॉक्टर म्हणाले, आणि तापानं फणफणलेली मी त्यांच्याशी भांडायला उठून बसले. "शक्यच नाही! आम्ही चिखलदऱ्याला राहतो. डोंगरावर थंडी असते, डास नसतात."

सत्तर सालानंतरची गोष्ट. मला पाचवा महिना चाललेला आणि शहाणपण मात्र पूर्ण दिवसांचं. आठवडाभर एक दिवसाआड हुडहुडी भरत होती, तिला मी गारठा म्हणत होते. शेवटी यांनी फॉरेस्टातून रजा काढून मला माहेरी, नागपूरला आणलं.

बोटातला रक्ताचा थेंब काचेवर पसरतात, त्याला स्मिअर म्हणतात. माझ्या स्मिअरमध्ये पॅरासाइट, म्हणजे रक्तात वाढणारे जंतू, दिसले होते.

"बाळाला काही...?"

"ताप लवकर उतरायला हवा. तीन दिवस बघू," डॉक्टर म्हणाले. मग विचारलं, "घराजवळ पाणी साचतं कुठं?"

"घाण पाणी? मुळीच नाही!" शाळेत आरोग्य शिकवणारी मास्तरीण ना मी! धुण्याची सोय म्हणून दिवाळीत क्वार्टरमागच्या झऱ्याला दगड लावून मी डोह केला होता. वरची झुडपं तोडली, रोज पानं काढली. इवल्या मासोळ्यासुद्धा चाळणीनं गाळून गार्डाच्या बायकोला, फुलवंतीला, कालवणाला दिल्या. ती म्हणायची, "बाई, पाण्याले काहून बांधून राहिल्या? वाहू द्या न त्याले." मी तिलाच स्वच्छतेचा धडा द्यायचे.

हे सगळं मी अभिमानानं सांगितलं. डॉक्टर खुर्ची ओढून बसले.

"मलेरियाच्या डासाला, ॲनाफेलिसला, गटार लागत नाही. तुमच्यासारखंच त्याला निर्मळ पाणी आवडतं. जोराच्या धारेत त्याच्या अळ्या टिकत नाहीत, वाहून जातात. तुम्ही धार थांबवली, ऊन आणलं, अळ्या खाणारे मासेही काढले."

कॉटशी बसलेली आई म्हणाली, "ऐकलं का वं? डासायचं बाळंतपण केलं तू!"

तीन दिवस क्लोरोक्विनच्या कडू गोळ्या. अंगावर दोन गोधड्या, पोटावर हात, नजर घड्याळावर. तिसऱ्या दिवशी हुडहुडीची वेळ आली तशी गेली. दुपारी पोटात बारीकशी लाथ बसली आणि मी मोठ्यांदा रडले.

महिन्याभरानं परतले ती थेट डोहावर. डॉक्टरांनी खूण सांगितली होती: या अळ्या पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडून असतात. होत्याच! काडीएवढ्याही नाहीत. सावली पडली की बुडायच्या, पुन्हा वर यायच्या. राग यायला हवा होता, पण मी उकिडवी बसून तासभर बघत राहिले. मग पहिला दगड फुलवंतीनं काढला, दुसरा मी.

वैशाखात मुलगी झाली, ठणठणीत.

तुम्ही डोंगरावर राहत असाल आणि ताप एक दिवसाआड येत असेल, तर उंचीवर विसंबू नका, रक्त तपासा. आणि पाणी कुठं थांबलंय ते बघा, कितीही नितळ असो. गोळ्यांनी मी बरी झाले. पण डॉक्टरांनी तो एक प्रश्न विचारला नसता, तर बरी होऊन मी त्याच डोहावर लेकीला न्हाऊ घालायला नेलं असतं.