उशिरा लागलेला ब्रेक

पप्पांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा मी आयटीच्या दुसऱ्या वर्षाला होते. सव्वीस वर्षं त्यांनी पुण्यात सिटी बस चालवली होती, आणि एकाही माणसाला धक्का लावला नव्हता. आमच्या बिबवेवाडीच्या दोन खोल्यांत मिजास करावी अशी तेवढी एकच गोष्ट होती. तोंड वाकडं झालं. बोलणं आधीपासूनच वाकडं होतं, ते तसंच राहिलं.

फिजिओथेरपीच्या बाईंनी बजावलं होतं, बोटं हलत राहिली तर हात परत येईल, नाहीतर मूठ आवळत जाईल ती कायमचीच. त्यांनी दिलेला रबरी चेंडू पप्पा दाबायचे नाहीत. "मी काय तान्हं बाळ आहे?" आई रडकुंडीला यायची.

मग मला बस चालवायचा गेम सुचला. पुढं, डावीकडं, उजवीकडं, सगळं कीबोर्डच्या उजव्या कोपऱ्यातल्या चार बाणांवर. खालचा बाण दाबला की ब्रेक. अडचण माझ्या लॅपटॉपची होती. बुधवार पेठेतून घेतलेला सेकंडहँड डबा तो. ब्राउझर उघडला तरी धापा टाकायचा. गेम टाकला तर बस जागची हलेचना. मीही हट्टाला पेटले. सेटिंगमधून सावल्या काढल्या, झाडं काढली, पाऊस काढला, बाकीच्या गाड्या काढल्या, शेवटी माणसंही काढली. लॅपटॉपखाली दोन वाट्या उपड्या ठेवल्या, बाजूला टेबल फॅन लावला. तेव्हा कुठं बस चालली.

आणि पप्पांची बोटं चालली! रोज दुपारी चारला धुतलेला शर्ट चढवून बसायचे. महिन्याभरात त्यांनी त्या हातानं चहाचा कप उचलला. आई विहारात जाऊन मेणबत्ती लावून आली.

एक दिवस म्हणाले, "स्टॉपवर कुत्रंसुद्धा नाही. संप आहे का?"

"लॅपटॉपला झेपत नाही, पप्पा."

"रिकामी गाडी डेपोत नेतात. रूटवर नाही."

मला वाटलं, खूश होतील. मी माणसं चालू केली.

स्टॉपवर दहाबारा जण दिसले तसे पप्पा ताठ बसले. गाडी जवळ आली. लाल कोटातली एक बाई रस्त्यात उतरली. त्यांनी ब्रेक दाबला. मी शेजारीच होते, बोट वेळेवर पडलं होतं. पण चित्र अडकलं. आतला पंखा घरघरला, सगळं जागच्या जागी थांबलं, आणि सुटलं तेव्हा बाई गाडीखाली होती.

मला फस्सकन हसू आलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

"उतर," पप्पा म्हणाले. "खाली बघ."

"अहो, गेम आहे! लॅपटॉप अडकला, तुमचा हात नाही."

"ब्रेक उशिरा लागला."

"थांबा, दाखवतेच." मी लॅपटॉप ओढला, तोच रस्ता पुन्हा लावला आणि माझ्या धडधाकट बोटानं वेळेवर ब्रेक दाबला. पुन्हा सगळं अडकलं. या खेपेला एक म्हातारा गेला. "बघा! बघितलंत? माझाही उशिराच लागला!"

ते माझ्याकडं बघत राहिले. "स्वतःचं खरं करायला अजून एक मारलास?" म्हणाले, आणि डाव्या हातानं झाकण लावून टाकलं.

मी माणसं परत काढली. दुसऱ्या दिवशी चारला लॅपटॉप त्यांच्यापुढं ठेवला. मी चिडले, शपथा घातल्या, शेवटी त्यांच्या पाया पडले. त्यांनी शर्टसुद्धा बदलला नाही. कप पुन्हा डाव्या हातात गेला. उजव्या हाताचं नाव काढलं की म्हणायचे, "त्या हाताचं लायसन गेलं."

दिवाळीपर्यंत मूठ मिटली.

आता मी नोकरीला आहे. घरात चांगली मशीन आहे, कसलाही गेम अडकणार नाही तिच्यावर. तो गेम मी कधी टाकला नाही. कुणाला दाखवायचा? दर रविवारी मी पप्पांची मूठ कोमट पाण्यात धरते आणि एकेक बोट सोडवून नखं कापते, नाहीतर ती तळव्यात रुततात. ज्या बोटानं त्यांनी वेळेवर ब्रेक दाबला होता, ते सगळ्यात शेवटी सुटतं.