वाळूवरची फरशी

आमच्या दाजींचा प्लंबर लोकांवर भयंकर राग. "आम्ही जीव लावून फरशी बसवायची आणि दोन महिन्यांनी पाइप गळतो म्हणून तुम्ही ती फोडायची," असं ते भेटेल त्याला ऐकवत. आणि त्यांच्या बायकोचा सख्खा भाऊ, म्हणजे मी, नेमका प्लंबर निघालो. ताईच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी मला "काय करता?" असं विचारलं. उत्तर ऐकून त्यांचा चेहरा असा काही झाला, की ताईला वाटलं, आता हे लग्न मोडतंय.

दाजी फरशीकाम करायचे. सत्तावीस वर्षं केलं. सपाटी बघायची लेव्हलची बाटली खिशात असायची, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. स्वतःला त्यांचा डोळा पुरे. खोलीभर फरशी बसवून झाली की उकिडवे बसून थापीच्या दांड्याने एकेक फरशी ठोकायचे आणि कान लावायचे. खाली सिमेंटचा माल नीट भरला असेल तर आवाज भरीव येतो, कुठे हवा राहिली असेल तर पोकळ. पोकळ आवाज आला की ती फरशी उचललीच म्हणून समजा. घरमालक "राहू द्या हो मिस्त्री, कोण ठोकून बघतंय?" म्हणायचा. दाजी म्हणायचे, "मी बघतोय ना."

तरुणपणी ते एका कारखान्याच्या संघातून गोलंदाजी करत. त्यांना चेंडू एकच यायचा, यॉर्कर. म्हणजे फलंदाजाच्या बुटाच्या टोकाशी बरोबर टप्पा पडणारा, बॅटखालून सरपटत जाऊन दांड्या घेणारा. दुसरा कुठला चेंडू टाकायला सांगितला तर चिडायचे. "एक धड येतोय तो टाकू द्या की." गुडघे दुखायला लागले तसा खेळ सुटला. उरलेला सगळा खेळ त्यांनी मुलीत ओतला.

एकुलती एक पोरगी. नवव्या वर्षापासून बॅट हातात. घरामागे गोदामाच्या भिंतीला लागून एक लांबट पट्टा रिकामा होता. दाजींनी तो सपाट केला. माझ्याकडून लोखंडी पाइपचे तीन तुकडे घेतले आणि एका टोकाला काँक्रीटमध्ये गाडून कायमच्या दांड्या केल्या. त्यांच्यापुढे, जिथे फलंदाजाचा पुढचा पाय पडतो तिथे, कुठल्याशा कामातून उरलेली एक वीतभर निळी फरशी बसवली. चेंडूच्या माराने तडकू नये म्हणून सिमेंटवर नाही, नुसत्या दाबून भरलेल्या वाळूवर. यॉर्कर त्या फरशीवर पडला की टक् असा आवाज यायचा. रोज सकाळी सहा ते सात, कामाला जायच्या आधी, साठ चेंडू. मी दांड्यांमागे यष्टिरक्षक. माझ्या पोटाकडे बघून भाची म्हणायची, "मामा, तू नुसता उभा राहा, चेंडू आपोआप अडतो."

दाजींची शिकवण थोडकीच होती, पण रोज घोकून घेत. "मागे सर. दांड्यांना जवळजवळ टेकून उभी राहा. तू मागे गेलीस की त्याचा यॉर्कर तुझ्यासाठी यॉर्कर राहतच नाही, टप्पा तुझ्यापुढे पडतो. बॅट उंच उचलू नकोस. डोकं चेंडूवर. आणि काहीही झालं तरी पुढे जाऊ नकोस. पुढे गेलीस की मेलीस."

पोरगी तयार झाली. मैदानावरच्या मुली तिला कुदळ म्हणायला लागल्या, कारण ती पायातले चेंडू मातीतून उकरून काढायची आणि तिरक्या बॅटने चौकारसुद्धा मारायची. शेवटच्या षटकांत यॉर्कर खेळणारी मुलगी म्हणून तिचं नाव झालं. एकोणीस वर्षांखालच्या संघाची निवड होणार होती. वयामुळे तिला ती शेवटचीच संधी होती. प्रशिक्षकबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "शेवटची षटकं खेळून काढणारी एक हवी आहे. तू ते दाखव, बाकी मी बघते."

निवडीला तीनेक महिने होते आणि दाजींचा खांदा गेला.

गेला म्हणजे आधीपासूनच जात होता, त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं. सिमेंटची पोती उचलून, फरशा कापून खांद्यातली शीर झिजली होती. हात खांद्याच्या वर नेऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. दाजींनी ताईला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले, थोडा व्यायाम हवा." आणि दुसऱ्या दिवशी सहा वाजता चेंडू घेऊन हजर.

चेंडू फरशीपर्यंत पोचेना. दोन फूट अलीकडे पडायचा. असा चेंडू म्हणजे फलंदाजाला मेजवानी. पोरगी तो भिंतीवर हाणू शकली असती, पण नुसती अडवायची. साठ चेंडूंत एकदाही टक् झालं नाही. दाजी प्रत्येक चेंडूनंतर हाताकडे असे बघायचे, जणू तो हात दुसऱ्याच कुणाचा आहे. आठवडाभर हे चाललं. सातव्या दिवशी ते निम्म्यातच थांबले आणि चेंडू माझ्याकडे टाकून म्हणाले, "आता तुझा बाप भिकार झाला." हे ते पोरीला म्हणाले, हसत हसत. ती घरात गेली ती दार लावून बसली.

त्या दुपारी दाजी कामावर असताना ती माझ्याकडे आली. "मामा, फरशी पुढे सरकवायची."

मी म्हणालो, "वेडी आहेस का? त्यांना कळेल."

"बावीस पावलांवरून कुठे कळतंय? दोन फूट तर आहे. त्यांना नुसता आवाज ऐकू दे रे. बाबा आजारी पडतील अशाने."

मला तिथेच नाही म्हणता आलं असतं. मामा होतो, वयाने मोठा होतो, चार पावसाळे जास्त पाहिले होते. पण दाजींचं ते हाताकडे बघणं माझ्याही डोळ्यांपुढून हलत नव्हतं. मी थापी घेतली, फरशी उचलली, दोन फूट पुढे खड्डा केला, वाळू भरली, फरशी ठेवून पायाने दाबली. जुना खड्डा बुजवून वर माती पसरली. दांड्या मात्र काँक्रीटमध्ये. त्या काही हलत नव्हत्या. म्हणून मग पोरगी हलली. फरशीच्या शेजारी दिसावी म्हणून दांड्यांपासून दोन फूट पुढे येऊन उभी राहायला लागली.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच चेंडूला आवाज आला. दाजी जागच्या जागी थांबले. मान जराशी तिरकी केली. मग ते म्हणाले, "आला की!" आणि परत धावत सुटले. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी ताईची चेष्टा केली, रेडिओबरोबर गुणगुणले. ताई मला बाजूला घेऊन म्हणाली, "काय जादू केलीस रे?" झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, मीही ती घट्ट झाकून ठेवली आणि स्वतःवर खूश झालो. त्या खुशीची आज लाज वाटते.

तीन महिने हे चाललं. रोज साठ चेंडू. खांदा आणखी उतरला तसा चेंडू हळू झाला, मग ती बॅटही उशिरा खाली आणायला लागली. मी तिला एकदाच विचारलं, "अगं, तू पुढे उभी राहतेस, सवय लागेल." ती म्हणाली, "मैदानावर गेले की मागे जाईन. इतकं कळतं मला."

निवडीच्या सामन्याला दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. एक हात बाहीत घालायला ताईने मदत केली होती. पोरगी खेळायला आली तेव्हा तीन षटकं राहिली होती. प्रशिक्षकबाई वही घेऊन निवड समितीजवळ बसल्या होत्या. समोर एक उंच, तेज मुलगी गोलंदाजीला आली आणि क्षेत्ररक्षकांची मांडणी बघूनच दाजी म्हणाले, "यॉर्कर टाकणार ही." त्यांचे डोळे चमकले. ज्यासाठी नऊ वर्षं घालवली तोच चेंडू येत होता.

पोरगी मागे जाऊन उभी राहिली. अगदी शिकवल्यासारखी, दांड्यांना लागून. माझा जीव भांड्यात पडला. गोलंदाज धावत निघाली. आणि चेंडू हातातून सुटायच्या क्षणाला पोरीचे पाय आपोआप दोन फूट पुढे आले. तिने ठरवून आणले नाहीत, ते आले. बॅट उशिरा खाली आली. चेंडू तोवर तिच्या बॅटखालून निघून गेला होता. मधली दांडी उपटून मागे पडली.

पहिलाच चेंडू. प्रशिक्षकबाईंनी वही मिटली.

दाजी तिच्या पायांकडे बघत होते. ती परत येत होती, तरी ते खेळपट्टीवरच्या त्या जागेकडेच बघत होते.

संघ लागला, त्यात ती नव्हती. त्या संध्याकाळी मी मागे गेलो तर दाजी पट्ट्यावर उकिडवे बसलेले. डाव्या हाताने निळी फरशी उचलत होते. जुन्या जागेवरची माती बरोबर तिथेच बाजूला केली, मोजमाप न करता. वाळू भरली, मुठीने ठोकली, फरशी ठेवली, थापीच्या दांड्याने चार कोपरे वाजवले. आवाज भरीव आला.

"कोणी बसवली होती तिकडे? तूच ना?" ते म्हणाले.

मी मान डोलावली.

"पहिल्याच चेंडूला आवाज पोकळ आला होता. प्लंबरचं काम. खाली वाळू धड भरलीच नव्हतीस."

"मग बोलला का नाही, दाजी? तेव्हाच बोलायचं ना!"

ते फरशीवरून हात फिरवत राहिले. "बरं वाटत होतं रे. खोटं होतं ते कळत होतं, पण बरं वाटत होतं. ती पुढे उभी राहतेय हेही दिसत होतं. रोज ठरवायचो, आज सांगू. मग टक् व्हायचं आणि वाटायचं, उद्या सांगू." आणि मग सत्तावीस वर्षं दुसऱ्याची पोकळ फरशी खपवून न घेतलेला तो माणूस माझ्यापुढे पोरासारखा रडला. रडताना डोळे पुसायला उजवा हात वर नेला, तो अर्ध्यावरच अडला.

"तिला सांगू नकोस," एवढंच म्हणाले. "तिने माझ्यासाठी केलं. मला माहीत होतं हे तिला कळलं, तर तिच्याकडे काहीच उरणार नाही."

मी शब्द दिला. पाळलाही.

याला आता सहा वर्षं झाली. दाजी दिवसभर खिडकीत बसतात, भांग पाडायलाही हात पोचत नाही. पोरगी शाळेत मुलींना खेळ शिकवते. मागच्या महिन्यात त्यांच्याकडे नळ बदलायला गेलो होतो, तेव्हा ती मागच्या दारात माझ्याशेजारी येऊन बसली. पट्ट्यावर गवत वाढलंय, फरशीचा एक निळा कोपरा तेवढा दिसतो.

"मामा, बाबांना कधी कळलं नाही ना रे, आपण फरशी सरकवली ते?"

मी पान्याने नळ आवळत राहिलो. "छे. त्यांना कुठलं कळतंय?"

तिने मोठा श्वास सोडला. "मग ठीक आहे," ती म्हणाली. "ते तीन महिने तरी त्यांचे चांगले गेले."